शनिवारच्या बैठकीत कोणी बसायचे?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका 61 वर्षांच्या आहेत. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका लहान संघटनेच्या त्या संस्थापक कार्यकर्त्या आहेत. संघटनेचे सल्ला केंद्र आहे आणि दर शनिवारी दुपारी बायकांची बैठक भरते. काही महिन्यांपूर्वी एक पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री, म्हणजे जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेली पण स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती, केंद्रात आली. भावाने मारहाण करून तिला घराबाहेर काढले होते. केंद्राने तिला मदत केली. आता तिला शनिवारच्या बैठकीला यायचे आहे आणि पुढे कार्यकर्ती व्हायचे आहे. तरुण कार्यकर्त्या म्हणतात की तिला विनाअट घ्यावे, यावर चर्चा करणे हाच तिचा अपमान आहे. जुन्या दोघींनी याच कारणावरून येणे थांबवले आहे. पत्रलेखिका लिहितात, "माझा तिच्यावर राग नाही. पण पाळी, बाळंतपण, मुलगी झाली म्हणून खाल्लेला मार, यातून आमची संघटना उभी राहिली. स्वतःला स्त्री म्हणवेल ती स्त्री, असे म्हटले तर आम्ही इतकी वर्षे कशासाठी भांडलो?" मुंबईत शिकणाऱ्या मुलीला त्यांनी हेच विचारले, तेव्हा तिने त्यांना 'ट्रान्सद्वेष्टी', म्हणजे पारलिंगी व्यक्तींचा द्वेष करणारी, म्हटले. तेव्हापासून दोघींचे बोलणे कामापुरते उरले आहे. मी काळाच्या मागे पडले आहे का, आणि राजीनामा द्यावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई,

तुम्ही विचारले आहे ते राजीनाम्याबद्दल, परंतु त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका प्रसंगाकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे, कारण तो तुम्ही ओझरता लिहून पुढे गेला आहात. ती केंद्रात आली त्या संध्याकाळी तुम्ही तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलात. ठाणे अंमलदाराने "याचं नाव काय लिहायचं?" असे तुम्हाला विचारले, तिला नाही. तुम्ही भिंतीकडची खुर्ची ओढून तिला त्याच्या टेबलासमोर बसवलेत, "तिलाच विचारा आणि ती सांगेल तेच लिहा" असे म्हणालात, आणि तक्रारीची प्रत हातात पडेपर्यंत तिथून हलला नाहीत. ज्या बाईला 'ट्रान्सद्वेष्टी' म्हटले गेले, तिने हे केले आहे. तुमच्या मुलीला हा प्रसंग ठाऊक आहे की नाही, हे पत्रावरून कळत नाही. ठाऊक नसेल तर सांगा.

त्या संध्याकाळी तुम्हाला स्त्रीची व्याख्या लागली नाही. घराण्याची अब्रू जाते म्हणून भावाने भावंडाला मारावे, घराबाहेर काढावे आणि त्या निमित्ताने जमिनीतला हिस्साही दाबावा, हा प्रकार तुमच्या इतका ओळखीचा होता की पुढे काय करायचे हे तुमचे पाय आपोआप जाणत होते. मग शनिवारच्या बैठकीचा प्रश्न आल्यावर व्याख्येची गरज का भासू लागली, हे आपण दोघींनी मिळून पाहू.

तुमचा मुख्य आक्षेप मी हलका मानत नाही, आणि ज्या तरुण मुली तो एका शब्दात उडवून लावतात त्यांनीही तो तसा मानू नये. बाईच्या शरीरावर, तिच्या शरीरामुळेच होणारी हिंसा ही कल्पनेतली गोष्ट नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रातल्या संघटना लढल्या आणि 1988 मध्ये असा कायदा करणारे आपले राज्य देशात पहिले ठरले. त्या लढ्यात गर्भाचे लिंग हाच मुद्दा होता, कारण गर्भाला त्याची ओळख कोणी विचारत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे उदाहरण तर तुमच्या दारातले आहे. 2019 मध्ये हा प्रश्न गाजल्यावर शासनाच्या समितीच्या पाहणीत 82 हजारांहून अधिक स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीसाठी धरलेली एक जोडी, मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, खाडा झाला की कापले जाणारे पैसे, आणि फडात पाळीच्या दिवसांत ना पुरेसे पाणी ना आडोसा. अशा स्थितीत पिशवी काढून टाकणे हाच 'उपाय' म्हणून बाईच्या गळी उतरवला जातो. याविषयी बोलायला आपल्याला गर्भाशय, पाळी, बाळंतपण हे शब्द जसेच्या तसे लागतात. ते सोडा असे कोणी तुम्हाला सांगितले तर ऐकू नका. पाळीविषयीच्या तुमच्या पत्रकात 'बाई' हा शब्द राहू द्या. गरज वाटली तर ज्यांना पाळी येते पण जे स्वतःला बाई म्हणवत नाहीत त्यांच्यासाठी एक ओळ वाढवा. त्याने कोणाचे काही जात नाही.

मात्र यातून निष्पन्न होते ते इतकेच की शरीराच्या प्रश्नांवर बोलायला स्त्रियांना हक्काची जागा हवी. ती स्त्री शनिवारी सतरंजीवर तुमच्या शेजारी बसू शकत नाही, हे त्यातून निष्पन्न होत नाही. या दोन गोष्टींची तुमच्या संघटनेत गल्लत झाली आहे, आणि बहुतेक भांडण त्या गल्लतीतून वाढले आहे. तुमच्याच पत्रावरून दिसते की शनिवारच्या बैठकीत पाळीपेक्षा पोटगी, नवऱ्याचे दारूपान, रेशनकार्डावरचे नाव, वारसाहक्क आणि मुलींची शाळा हेच विषय अधिक निघतात. यांपैकी कोणत्या विषयात तिला सांगण्यासारखे काही नाही? वारसाहक्काच्या विषयात तर आज बैठकीतल्या निम्म्या जणींपेक्षा तिचीच गरज तातडीची आहे.

जुन्या दोघींनी सुचवलेला 'जन्माने स्त्री असेल तिलाच प्रवेश' हा नियम सोपा वाटतो, म्हणून तो शेवटपर्यंत लावून पाहा. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेली, पण पुरुष म्हणून जगणारी, दाढीमिशा राखलेली पारलिंगी व्यक्ती या नियमाने बैठकीत बसेल, आणि साडी नेसून, पदर सावरून आलेली ही स्त्री बाहेर राहील. ज्या संकोचापोटी त्या दोघींना नियम हवा आहे, तो संकोच या नियमाने दूर होत नाही. शिवाय मुलगी म्हणून वाढवल्या गेलेल्या आणि मनाविरुद्ध लग्नात ढकलल्या गेलेल्या अशा व्यक्तींचे हाल आपल्या संघटनांच्या नजरेतून कितीदा निसटले असतील, याचाही विचार करावा लागतो. तसेच स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांचे. तुमच्या बैठकीत वर्षानुवर्षे येणाऱ्या आणि 'मला लग्नच नको' याहून अधिक काही न सांगणाऱ्या एखाद्या मुलीने उरलेले वाक्य गिळले नसेल असे खात्रीने सांगता येईल का? मुंबईत 1995 मध्ये 'स्त्री संगम' हा गट सुरू झाला, पुढे तो 'लेबिया' या नावाने ओळखला गेला, तो अशाच स्त्रियांनी एकमेकींना शोधण्यासाठी. त्या काही बाहेरून आलेल्या नव्हत्या. स्त्री चळवळीच्या बैठकींत त्या आधीपासून बसतच होत्या.

तुम्ही लिहिले आहे की बाळंतपणासारख्या सगळ्याजणींच्या समान अनुभवांतून 'आपण बायका' ही भावना आली. पण तो अनुभव खरोखर सगळ्याजणींचा एक होता का? जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात मांग-महारांच्या स्त्रियांच्या बाळंतपणाचा उल्लेख आहे: त्यांच्या घरावर त्या वेळी छप्परही नसते, थंडी, पाऊस आणि वारा यांनी त्यांचे काय हाल होत असतील याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असे ती वाचणाऱ्यांना विनवते. बाई म्हणून सगळ्यांत समान समजला जाणारा प्रसंगही जातीने असा चिरलेला होता. पुढे 1990 च्या दशकात दलित स्त्रियांनी स्वतंत्र संघटना बांधल्या आणि मनुस्मृतीदहनाचा 25 डिसेंबर हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळायला सुरुवात केली, तेव्हा 'तुम्ही चळवळ फोडता' असे त्यांना ऐकावे लागले. चळवळ त्यामुळे फुटली नाही. जिला तोवर 'सगळ्या बायका' म्हटले जात होते ती प्रत्यक्षात ठरावीक घरांतली बाई होती, एवढे मात्र उघड झाले.

यावर तुम्ही म्हणाल की दलित स्त्रिया स्त्रियाच होत्या, त्याबद्दल कोणाला शंका नव्हती. इथला प्रश्न वेगळा आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. दोन प्रश्न एकच आहेत असे मी म्हणत नाही, आणि जातीच्या लढ्याचे दाखले देऊन दुसऱ्या प्रत्येक वादात समोरच्याला गप्प करण्याची जी सवय हल्ली दिसते, ती मला पसंत नाही. मला त्या इतिहासातून घ्यावेसे वाटते ते वेगळेच आहे. 2005 मध्ये राज्य सरकारने डान्सबारवर बंदी आणली, तेव्हा स्त्रियांच्या आणि दलितांच्या संघटनांत टोकाचे मतभेद झाले. नाच हे जातीने लादलेले काम आहे, म्हणून बंदी हवी, असे काहींचे म्हणणे. पर्याय न देता पोटावर पाय देता, म्हणून बंदी नको, असे इतरांचे. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निर्णय कायम ठेवला, आणि वाद तरीही मिटला नाही. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना स्त्रीची मुक्तीच हवी होती. परंतु ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता, त्या नाचणाऱ्या बायकांना व्यासपीठावर जागा मिळायला फार वेळ लागला.

ताई, तुमचे पत्र मोठे आहे आणि मनापासून लिहिलेले आहे. त्यात जुन्या मैत्रिणींची वाक्ये आहेत, तरुण मुलींची आहेत, मुलीचे आहे. जिच्यावरून हे सारे चालले आहे, तिचे एकही वाक्य नाही. तिला बैठकीला का यायचे आहे, हे तुमच्यापैकी कोणी तिला विचारले आहे का? तरुण मुलींनी तिला झेंडा केले आहे आणि जुन्या मैत्रिणींनी धोका. कदाचित तिला फक्त दोन तास अशा ठिकाणी बसायचे असेल जिथे कोणी पैसे फेकत नाही आणि कोणी हसत नाही. कदाचित तिला कामाची तळमळ असेल. कदाचित तुम्ही ठाण्यात जे केलेत तेच तिला पुढच्या कोणासाठी करायचे असेल. पहिले काम म्हणून तिच्याशी निवांत बोला, चहा पाजा, आणि तिला बैठकीबद्दल कोणती भीती वाटते हेही विचारा, कारण नव्या जागेची भीती तिलाही असणारच.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र वेगळा काढून बोलायला हवा. नवऱ्याने फोडून काढलेली बाई पहिल्यांदा केंद्रात येते, तेव्हा एखाद्या जाड आवाजानेही दचकते. हे तुम्ही लिहिले आहे आणि ते खरे आहे. तिच्यासाठी उपाय असा की नुकतीच हिंसा सोसून आलेल्या बाईशी पहिले बोलणे नेहमी एकटीने, बंद खोलीत व्हावे, आणि कोणाशी बोलायचे हे तिने निवडावे. हा नियम पारलिंगी कार्यकर्तीसाठी नसून सगळ्यांसाठी असावा, कारण जातीच्या, शेजारच्या किंवा नात्याच्या कार्यकर्तीपुढेही अनेकजणी तोंड उघडत नाहीत. बैठकीच्या विश्वासाचे म्हणाल, तर तुम्हीच लिहिले आहे की मागे एका सुनेने बैठकीत सांगितलेली गोष्ट तिच्या सासरी पोचली होती आणि तिला त्याचा जबर त्रास झाला. ती गोष्ट पोचवणारी बाई जन्माने बाईच होती. बैठकीतले बाहेर जाणार नाही, कोणी कोणाच्या शरीराविषयी प्रश्न विचारणार नाही, आणि हे मोडणारी कोणीही असो, तिला बैठक बंद होईल, असे नियम लेखी करून दर महिन्याला वाचून दाखवले तर खोलीची सुरक्षितता वाढेल. दाराशी शरीर तपासून ती वाढत नाही.

कायद्याविषयी थोडे, कारण तुमच्यासारख्या इतर संस्थांनाही ते लागेल. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या ('नालसा') खटल्यातील निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर ठरवले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावात अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला तेव्हा तो फेटाळला गेला. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. पुढे संधी साधण्यासाठी पुरुष म्हणून ओळख बदलणार नाही, हे त्यांचे निवेदनही न्यायालयाने नोंदवून घेतले. त्या निवडून आल्या. तुमच्याकडच्या दोघींना वाटणारी 'उद्या कोणीही येऊन बाई म्हणवेल' ही शंका तिथेही होती, आणि गंभीरपणे दिलेल्या शब्दावर भरवसा ठेवून ती सोडवली गेली. मार्च 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शस्त्रक्रिया करून स्त्री झालेल्या व्यक्तीलाही कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दाद मागता येईल असे म्हटले, म्हणजे तुमच्या केंद्राचे नित्याचे कामही तिला लागू पडू शकते.

उलट बाजूला पाहा. लैंगिक अत्याचार स्त्रीवर झाला तर बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. 2019 च्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने त्यांच्यावरील अत्याचारासाठी मुळात ती सहा महिने ते दोन वर्षे एवढीच ठेवली. त्यात 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'अनैसर्गिक' संभोगाच्या बळजबरीला शिक्षा देणाऱ्या जुन्या 377 कलमासारखे कलमच उरले नाही, त्यामुळे बळजबरी झालेल्या अनेकांचा तक्रारीचा तो आधारही गेला. यातल्या तरतुदी बदलत असतात, म्हणून प्रत्येक प्रकरणात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून चालू स्थिती विचारून घ्या. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत मिळते. तुमच्या मैत्रिणी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2025 च्या निकालाचे जे संदेश पुढे पाठवत आहेत, तो निकाल त्या देशाच्या 2010 च्या समानता कायद्यातील 'स्त्री' या शब्दाच्या अर्थाविषयी आहे, आणि पारलिंगी व्यक्तींना भेदभावापासून असलेले संरक्षण कायम आहे हेही त्यातच म्हटले आहे. तिथल्या तुरुंगांचे आणि क्रीडास्पर्धांचे वाद आपल्या सतरंजीवर आणून सोडवता येणार नाहीत.

तरुण कार्यकर्त्यांनाही माझे काही सांगणे आहे, आणि ते तुम्ही त्यांना वाचून दाखवावे. एखादीला समोर बसवून तिच्या बाईपणावर मतदान घेणे हा अपमान आहे, यात वाद नाही. पण बैठकीचे नियम काय असावेत, कोणत्या चर्चेला कोण असावे, यावर बोलणे हा अपमान नाही. ते संघटनेचे नित्याचे काम आहे. ज्या बायकांनी पोलिसांच्या आणि नातेवाइकांच्या धमक्या सोसून हे केंद्र उभे केले, त्यांच्या शंकेला उत्तर देण्याऐवजी शिक्का मारला, तर शंका जात नाही, बाई जाते. दोघी गेल्याच आहेत.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. तिला शनिवारच्या बैठकीत घ्या. कार्यकर्ती होण्यासाठी इतर कोणाही नव्या मुलीला जे प्रशिक्षण आणि जो उमेदवारीचा काळ असतो, तोच तिला असू द्या, कमी नको आणि जास्तही नको. बाळंतपण, गर्भाशय, रजोनिवृत्ती अशा विषयांवरचे सत्र ज्यांना तो अनुभव आहे त्यांच्यापुरते ठेवायचे असेल तर ठेवा आणि तसे आधी जाहीर करा. न बाळंत झालेल्या बायकाही अशा एखाद्या सत्राला नसतात आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. केंद्राच्या नोंदवहीत लिंगाचा रकाना येणाऱ्या व्यक्तीला विचारून भरा. ओळखपत्र किंवा शस्त्रक्रियेचा कागद मागू नका; इतर बायकांकडून तुम्ही लग्नाचा दाखला मागून मग रडू देत नाही.

मुलीशी बोलताना मात्र वाद जिंकायला बसू नका. तिने स्त्रीवाद वर्गात आणि वाचनात मिळवला, तुम्ही तो तहसीलच्या पायऱ्यांवर मिळवला. दोघींकडे दुसरीला नसलेले काही आहे. तिने वापरलेला शब्द तुम्हाला लागला हे तिला सरळ सांगा, आणि त्या शब्दामागे तिची कोणाविषयीची काळजी होती हेही विचारा. कदाचित तिची अशीच कोणी मैत्रीण असेल. सुट्टीत ती येईल तेव्हा तिला शनिवारी बैठकीला घेऊन जा आणि मागे बसून ऐकायला सांगा.

जुन्या दोघींकडे निरोप पाठवू नका, स्वतः घरी जा. त्यांना निर्णय सांगण्याआधी त्यांना नेमकी कशाची भीती आहे ते ऐकून घ्या: शेजारीपाजारी काय म्हणतील याची, की नव्या मुलींच्या बोलण्यात आपल्याला आता किंमत नाही याची? माझा अंदाज दुसरीकडे झुकतो, आणि तसे असेल तर त्यावरचा उपाय प्रवेशाच्या नियमात सापडणार नाही. पुढच्या कार्यकर्ती-प्रशिक्षणात पोटगीचे आणि ठाण्यातल्या तक्रारीचे सत्र त्या दोघींनी घ्यावे, असे त्यांना तिथेच सुचवा. त्या प्रशिक्षणात तीही असेल, हे लपवू नका.

राजीनाम्याचे उत्तर एवढ्यात आले असे मला वाटते. तुमच्याइतकी दोन्हीकडे ऐकून घेतली जाणारी बाई सध्या तुमच्या संघटनेत दुसरी दिसत नाही, तेव्हा निदान हे नवे नियम लिहून, वाचून आणि वर्षभर पाळून होईपर्यंत तरी पद सोडू नका.